गुडघ्यावरच्या दोन थापा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवायचं, आणि तेही कशाबद्दल, तर गाडी जोरात हाणल्याबद्दल! असली बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर दुकानातूनच हाक मारली, "काय काचवाले, दप्तर घेतलंत का? डबा दिलाय का कुणी?"

काचवाल्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी त्यांनी त्याची चांगली हजेरी घेतली असती, कारण त्या न्हाव्याच्या जिभेला हाड नाही आणि काचवाल्यांच्याही नाही. पण त्या सकाळी त्यांना भीती वाटत होती. कोर्सची भीती नव्हती हो. कोर्स काय, चार शहाण्या गोष्टी ऐकायच्या आणि माना डोलवायच्या. भीती होती ती बारा वाजण्याची. बारा वाजता त्यांच्या बायकोचं जेवण असायचं, आणि ती त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून घास घ्यायची नाही.

काचवाले हे नाव त्यांना धंद्याने दिलेलं. नवरा-बायको दोघं मिळून काचेचं सामान भाड्याने द्यायचे. ग्लास, कपबश्या, प्लेटा, मोठाले वाडगे. कुणाचं लग्न असो, कुणा साहेबाचा निरोपसमारंभ असो, भरलेले क्रेट व्हॅनमध्ये चढवायचे, हॉलवर पोचवायचे, दुसऱ्या दिवशी खरकटं सामान परत आणायचं, धुवायचं, पुसायचं, मोजायचं. फुटलं की नुकसान आपलं. बायको म्हणायची, "आपल्या धंद्यात नफा म्हणजे न फुटलेला ग्लास." सगळा जन्म त्या दोघांनी असे न फुटलेले ग्लास जमवण्यात घालवला.

व्हॅन चालवायचे काचवाले, आणि शेजारी बसायची ती. आणि आता गंमत ऐका. इतकी वर्षं गाडी चालवून या गृहस्थांनी वेगाच्या काट्याकडे कधी बघितलं नाही. गरजच पडली नाही. त्यांचा मीटर शेजारी बसायचा, आणि वर चार शब्द सुनावायचाही. तिचा कान मागच्या क्रेटकडे. गाडी बेताने चालली असली की मागे सगळं चिडीचूप. जरा वेग वाढला की कपबश्या कुजबुजायला लागायच्या. आणि त्याहून वाढला की ग्लास बोलायला लागायचे. ग्लास बोलले रे बोलले की तिचा हात यायचा आणि काचवाल्यांच्या गुडघ्यावर दोन थापा पडायच्या. बोलणं नाही, बघणं नाही. थप, थप. म्हणजे हळू.

काचवाले कुरकुरायचे, "गाडी कोण चालवतंय, तू का मी?"

"तुम्हीच चालवा," ती म्हणायची. "आणि फोडाही तुम्हीच."

पाय आपोआप वर यायचा. सगळ्या गावातले ड्रायव्हर दंड भरून भरून कंगाल झाले, पण काचवाल्यांच्या नावावर एक पावती नव्हती. ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे, "आपलं काम नाकासमोर." आणि ती मागून म्हणायची, "नाक कुणाचं ते पण सांगा."

मागच्या वर्षी, धुतलेले ग्लास पुसता पुसता तिच्या हातून एक ग्लास पडला. तिच्या हातून! काचवाले हसले. "घ्या! मला बोलता बोलता आता तूच फोडायला लागलीस," म्हणाले, आणि मान वर करून बघतात तर तिचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. अर्धं अंग गेलं. बोलणं गेलं. एक हात तेवढा चांगला राहिला, पण त्या हाताने काय करायचं हे तिला आठवेनासं झालं. डोळे उघडे असायचे, पण ते कुणावर थांबायचे नाहीत, नवऱ्यावरसुद्धा नाही.

तिला घरी ठेवणं एकट्या म्हाताऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मुलीने धावपळ करून मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, शेतं लागतात तिथे, असल्या आजाऱ्यांना सांभाळणारं एक सेंटर शोधलं. चांगलं होतं, स्वच्छ होतं, पण तिकडे बस जायची नाही. काचवाले रोज व्हॅन घेऊन जायचे आणि तिच्या पलंगाशी खुर्चीवर बसून राहायचे. ना दाढी, ना जेवण. लादी पुसणारी बाई "काका, पाय" म्हणायची तरी पाय उचलायचं भान नाही. असे कितीतरी दिवस गेले. मग एके दिवशी तिथल्या सिस्टर जेवणाचा वाडगा घेऊन आल्या आणि त्यांनी चमचा सरळ यांच्याच हातात दिला.

"तुम्हीच बघा हो काका. आमच्या हातून तर तोंड उघडत नाहीत. हट्टी आहेत फार."

"हट्टी? तुम्हाला आत्ता कळलं?" काचवाले म्हणाले. त्यांनी घोटलेल्या भाजीचा चमचा तिच्या ओठांशी नेला. आणि ओठ उघडले. अहो, उघडले! सिस्टर म्हणाल्या, "बघा! माणूस ओळखतात. आता रोज बाराला यायचं तुम्ही, दुसऱ्या कुणाचं हे काम नाही."

त्या दिवशी काचवाले घरी गेले, आरशात बघितलं, स्वतःची शरम वाटली आणि त्यांनी दाढी केली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. धंदा तर केव्हाच बंद झाला होता, सगळी काच एका नव्या जोडप्याला विकून टाकली होती. पण व्हॅन ठेवली. मुलगी म्हणायची, "बाबा, आता पुरे. व्हॅन विका. मी दर रविवारी तुम्हाला नेत जाईन ना."

"आठवड्यातून एकदा जेवून माणूस जगतो का गं? मग तू पण रविवारीच जेव."

मुलगी विषय बदलायची. बापाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे ती आईकडून शिकली होती.

आणि मग तो दिवस आला. व्हॅन सकाळी सुरूच होईना. ढकलून ढकलून एकदाची सुरू झाली तेव्हा पावणेबारा झालेले. काचवाल्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. वाडगा थंड होतोय, आणि ती ओठ घट्ट मिटून दाराकडे तोंड करून पडली आहे. त्यांनी व्हॅन दामटली. शाळेचा रस्ता लागला, पुढे वेगाची पाटी आली, पाटीमागे कॅमेरा होता. आता रिकाम्या व्हॅनमध्ये बोलणारं होतं कोण? क्रेट नाहीत, ग्लास नाहीत, शेजारची सीट मोकळी. कुणी थापा मारल्या नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपण बेतानेच चाललोय.

नुसता वेगाचा गुन्हा असता तर दंडावर भागलं असतं. पण शाळेचा रस्ता! ऑफिसातल्या माणसाने स्वच्छ सांगितलं, एक तर लायसन्स जमा करा, नाहीतर जागरूक वाहनचालकाचा कोर्स करा. पूर्ण वेळ बसायचं. मध्येच उठलात तर लायसन्स गेलं म्हणून समजा. काचवाल्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाराच्या आत सुटतो का?"

"साडेअकराला सुटतो," तो माणूस म्हणाला.

तरी आदल्या दिवशी त्यांनी सिस्टरना सांगून ठेवलं. "उद्या कदाचित थोडं मागेपुढे होईल हो. तिला उपाशी ठेवू नका. नाही घेणार, मला माहीत आहे, पण प्रयत्न करून बघा."

सिस्टर चादरीच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "तुम्ही सावकाश या काका. आम्ही बघतो," म्हणाल्या.

वर्ग होता वाहन कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. हाताशी लाकडी फळी असलेल्या खुर्च्या, एक मिचमिचणारी ट्यूबलाइट, भिंतीवर चेपलेल्या गाडीचं भलंमोठं चित्र. दहा-बारा गुन्हेगार, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून. काचवाल्यांनी दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे सुटल्या सुटल्या पळता येईल.

शिकवायला होत्या त्या मॅडम पूर्वी वाहतूक पोलिसात होत्या. आवाज असा की चौकातसुद्धा शिट्टी लागली नसेल. त्यांनी घड्याळ बघितलं, दार लावायला सांगितलं, आणि तेवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत आत आले. दातांचे डॉक्टर. नियमाप्रमाणे उशीर झालेल्याला घ्यायचं नसतं. पण डॉक्टर म्हटलं की दारं कशी आपोआप उघडतात! मॅडमनी त्यांना घेतलं, त्यांचे कागद पुन्हा बघितले, सही राहिली होती ती घेतली, आणि सगळी सुरुवातच पुन्हा केली. मग प्रोजेक्टर रुसला. मग प्रोजेक्टरवाला आला. काचवाले घड्याळाकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात त्या दातवाल्याचे सगळे दात मोजून घेतले.

पडद्यावर एकदाचं चित्र उमटलं. गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळतायत. मीटर झाकलेला. आवाज नाही. मॅडम म्हणाल्या, "ही गाडी किती वेगाने चालली आहे? प्रत्येकाने सांगायचं."

कुणी साठ म्हणालं, कुणी पंच्याहत्तर. काचवाल्यांची पाळी आली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. त्यांना काहीच कळेना. झाडं पळतायत हे दिसत होतं, पण झाडं तर नेहमीच पळतात.

"तीस?" ते म्हणाले.

वर्ग खो खो हसला. गाडी ऐंशीने चालली होती. दातांचे डॉक्टर म्हणाले, "काका, तीसने तर माझी खुर्चीसुद्धा फिरते."

मॅडम हसल्या नाहीत. "काका, तुम्ही गाडी चालवताना मीटर बघता ना?"

"नाही," काचवाले म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही. "माझी बायको सांगायची."

"त्या मीटर बघायच्या?"

"छे! ती ग्लास ऐकायची." मग त्यांना सगळं सांगावं लागलं. क्रेट, कपबश्या, गुडघ्यावरच्या दोन थापा. सांगता सांगता त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि त्यांनी थापा मारूनही दाखवल्या. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी जरा मऊ हसला. काचवाले मात्र हसले नाहीत. त्यांना आत्ता, या मिचमिचणाऱ्या ट्यूबखाली, पहिल्यांदा उमगलं की गाडी चालवणं त्यांना निम्मंच येत होतं. उरलेलं निम्मं तिच्यापाशी होतं, आणि ते आता कुठे आहे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा वाजून गेले. मॅडमनी खुर्ची ओढून मधोमध मांडली आणि म्हणाल्या, "आता एकेकाने सांगायचं. तुम्हाला घाई कशाची होती? आणि ती गोष्ट खरंच तेवढी मोठी होती का?"

एका मुलीला ऑफिसला उशीर झाला होता. आज ते ऑफिसही नव्हतं, नोकरीच बदलली होती. डॉक्टरांच्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता. "मग तो तोंड मिटून बसला असता," मॅडम म्हणाल्या, आणि सगळे हसले. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, घाई कसलीच नव्हती, रस्ता मोकळा मिळाला म्हणून हौस भागवली. एकेकाचं कारण मॅडम असं उलटंसुलटं करून दाखवत होत्या की त्यातून भुसाच निघत होता.

"काका, तुम्ही?"

काचवाले उठून उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण राहिले. "माझी बायको उपाशी राहते," ते म्हणाले. "ती आजारी आहे. कुणाला ओळखत नाही. पण जेवते फक्त माझ्या हातून. बाराला मी पोचलो नाही तर तोंड उघडत नाही. आता साडेअकरा होत आलेत मॅडम, आणि तुमचं अजून संपलेलं नाही."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मान खाली घातली. आणि काचवाल्यांना, खरं सांगायचं तर, थोडा अभिमान वाटला. या अख्ख्या वर्गात एकच कारण खरं होतं, आणि ते आपलं होतं.

मॅडमनी हातातली यादी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचं कारण मोठं आहे. मी नाही म्हणत नाही. पण मला एक सांगा. त्या रस्त्यावर तुम्हालाच काही झालं असतं, तर त्यांना कुणी भरवलं असतं?"

हा विचार काचवाल्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. ते खाली बसले. कुणी भरवलं असतं? कुणीच नाही. ती ओठ मिटून पडून राहिली असती, एक दिवस, दोन दिवस. चहाची सुट्टी झाली तेव्हा डॉक्टर कप घेऊन त्यांच्याकडे आले. "सॉरी काका. माझ्यामुळे उशीर झाला," म्हणाले. काचवाल्यांनी कप घेतला. एवढ्या रागातही त्यांनी बशीला गेलेला तडा बघितला, सवयच ती.

उठून जावं असं त्यांना कितीदा तरी वाटलं. दार हाताच्या अंतरावर होतं. पण आज उठलो तर लायसन्स गेलं, आणि लायसन्स गेलं तर उद्या काय, परवा काय? आजचा एक घास चुकवायचा की पुढचे सगळे? असला हिशेब देवाने शत्रूलाही घालू नये. ते बसून राहिले. शेवटी शिक्के मारून हातात कागद पडला तेव्हा बारा वाजून गेले होते. कागद देताना मॅडम म्हणाल्या, "काका, सावकाश जा."

आणि ते सावकाश गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मीटर बघत गाडी चालवली. जीव एवढा कासावीस, पण पाय वर. मॅडमचा प्रश्न कानात घुमत होता. "चाळीस," ते मोकळ्या सीटला सांगत होते. "बेचाळीस. कमी करतो. अगं करतो ना. चाळीस. ऐक, आलोच मी. जरा दम धर." मागून हॉर्न वाजत होते, एकाने तर बाजूने जाताना खिडकीतून शिवी हासडली. काचवाल्यांनी हात जोडले. शाळेच्या रस्त्यावर तर ते असे गेले की पोरं सायकलीवरून पुढे निघून गेली.

सेंटरला पोचले तेव्हा एकचा सुमार असेल. धावत जिना चढले. व्हरांड्यात जेवणाच्या वाडग्यांची गाडी उभी होती, वाडगे रिकामे. तिचं जेवण परत गेलं असणार. ते तिच्या खोलीच्या दाराशी आले आणि थबकले.

तिच्या पलंगाशी कामावरची एक बाई बसली होती. काचवाल्यांनी तिला पूर्वी पाहिलंही नव्हतं, एरवी दुपारची पाळी तिची नसावी. हातात वाडगा. बाई शेजारच्या पलंगावरच्या आजींशी कसल्यातरी गप्पा मारत होती, टीव्हीवरच्या मालिकेच्या असाव्यात, आणि बोलता बोलता, न बघताच, चमचा पुढे करत होती. आणि ती खात होती. निमूट. चमचा यायच्या आधीच तिचं तोंड उघडत होतं. कुणाचा हात आहे, कुणाचा चमचा आहे, याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. बाईने पदराच्या टोकाने तिची हनुवटी पुसली, किती सराईतपणे पुसली! ते हात तिला रोज भरवणारीचे होते. सकाळी कोण भरवत होतं? रात्री कोण भरवत होतं? इतके दिवस काचवाल्यांनी हा साधा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. माणूस दिवसातून एकदाच जेवतो का? मुलीला त्यांनी कसं तोडून टाकलं होतं, आठवड्यातून एकदा जेवतं का कुणी म्हणून. आणि स्वतः?

त्यांना खुर्चीत बसलेला तो दाढी वाढलेला म्हातारा आठवला, लादी पुसणारीने "काका, पाय" म्हटल्यावरही न हलणारा. त्याच्या हातात चमचा देणाऱ्या सिस्टर आठवल्या. चादरीच्या घड्या घालता घालता वर न बघणाऱ्या सिस्टर आठवल्या. भुकेलं कोण होतं आणि भरवलं कुणाला, हे त्यांना त्या दारात उभ्या उभ्या कळलं. त्यांचं काळीज फाटलं. दुसरा शब्द नाही त्याला.

"काका!" मागून सिस्टरचा आवाज आला. त्यांनी खोलीत बघितलं, मग यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. घाईघाईने म्हणाल्या, "अहो, आज नवलच झालं. आजच पहिल्यांदा... म्हणजे इतका वेळ तोंड उघडतच नव्हत्या, आत्ता कुठे जरा..."

काचवाल्यांनी सिस्टरकडे बघितलं. किती कच्चं खोटं बोलत होत्या! इतके महिने कसं निभावलं असेल यांनी?

"हो का?" ते म्हणाले. "बरं झालं हो. खाल्लं ना पोटभर? मग झालं."

"तुमचा कोर्स?"

"पास," ते म्हणाले आणि खिशातला कागद काढून दाखवला. सिस्टरनी तो दोन्ही हातांनी धरून वाचला, आणि वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. काचवाले दुसरीकडे बघू लागले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, काय शिकवलं?"

"हळू चालवायचं."

"आणि आई? जेवली?"

"जेवली ना. व्यवस्थित जेवली," म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. व्हॅन विक, असं सांगायला त्यांनी फोन पुन्हा उचलला, आणि पुन्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला ते आरशासमोर उभे राहिले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. कुणासाठी करायची? ती उपाशी नव्हती. कधीच नव्हती. ते गेले नाहीत तर कुणाचं काही अडणार नव्हतं. मग त्यांनी साबण लावला आणि दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. न्हाव्याने दुकानातून विचारलं, "काय काचवाले, पहिला नंबर आला का?" तेव्हा म्हणाले, "आला तर! तुझ्यासारखे सगळे मागे राहिले." व्हॅन चाळीसच्या वर गेली नाही. घाई कशाची होती आता? मॅडमना बघून किती आनंद झाला असता. काचवाल्यांइतका शहाणा विद्यार्थी त्यांना मिळाला नसेल.

सिस्टर दाराशीच उभ्या होत्या, हातात झाकलेला वाडगा. काचवाले येतील की नाही याची धास्ती त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती. त्यांना बघताच म्हणाल्या, "या! केव्हाच्या वाट बघतायत. कालचं काही खरं नाही हो. आज सकाळपासून कुणालाही दाद देत नाहीत."

"हट्टीच आहे ती," काचवाले म्हणाले आणि त्यांनी वाडगा घेतला.

शेजारच्या आजींना उन्हात नेलं होतं, खोलीत दोघंच होती. त्यांनी पहिला चमचा दिला. तोंड उघडलं. दुसरा दिला. उघडलं. मग त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी वेग वाढवला. घास गिळला न गिळला तोच पुढचा चमचा. मुद्दाम. चमचा वाडग्याच्या काठावर आपटून वाजवायला लागला, कण कण, कण कण. त्यांचे डोळे तिच्या चांगल्या हाताकडे लागले होते. तो हात चादरीवर, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडलेला. अगं, बघ की. किती जोरात चाललोय मी. ऐकू येत नाही का तुला? एकदा तरी. एकच थाप मार, दुसरी नको.

तिला ठसका लागला. त्यांनी घाबरून वाडगा खाली ठेवला, तिची मान वर उचलून धरली, पाठ चोळली, पाणी पाजलं. "चुकलो गं, चुकलो," ते म्हणत राहिले. ठसका थांबला. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि पुढच्या चमच्याची वाट बघत राहिली. हात होता तिथेच होता.

काचवाल्यांनी तो हात उचलला. ऊबदार होता, हलका होता. तो त्यांनी आपल्या गुडघ्यावर आणला आणि आपल्याच हाताने त्याच्या दोन थापा मारून घेतल्या. थप, थप.

"हो गं," ते म्हणाले. "केला कमी."

आणि त्यांनी चमचा हळूहळू तिच्या ओठांशी नेला.